निवृत्तीच्या वयातील नोकरी आणि आरोग्यविम्याची निवड



साठी उलटल्यावरही पहाऱ्यावर, हिशेबाच्या मेजावर वा कारखान्यात राबणारी माणसे आपल्या अवतीभवती आहेत. त्यांच्या आजारपणात घराला दुहेरी चिंता पडते : उपचारांचा खर्च कसा भागवावा आणि बुडालेला पगार कोठून आणावा? शासकीय योजनांचा विचार करताना हे दोन्ही प्रश्न समोर ठेवावेत, अशी आमची विनंती आहे.

नोकरी राज्य कामगार विमा योजनेखाली, म्हणजेच ईएसआयखाली येत असेल, तर केवळ वय वाढले म्हणून विम्याचे छत्र हरपत नाही. दवाखान्यातील तपासणी व औषधांपासून रुग्णालयातील उपचारांपर्यंतची सेवा तीत मिळते. शिवाय अंशदानाच्या अटी पूर्ण झाल्या असल्यास, प्रमाणित आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम हाती येते.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांसाठी आहे. त्यास उत्पन्नाची अट नाही. कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत विनामूल्य होतात. मात्र हा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावरचा आहे. नेहमीची बाह्यरुग्ण तपासणी आणि बुडालेला पगार यांची भरपाई त्यात नाही. म्हणून सत्तरीनंतरही नोकरीत असलेल्या ईएसआयधारकाने दोन्ही छत्रे राखावीत. तशी मुभा आहे. खासगी विमा असणाऱ्यांनाही हे कार्ड मिळते. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते.

सत्तरीपूर्वी निवृत्त होणाऱ्यांनी आणखी एक तरतूद ध्यानी घ्यावी. किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यास वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते.

कुटुंबीयांनी ही कागदपत्रे प्रकृती ठीक असतानाच सिद्ध ठेवावीत. वय वंदना कार्डासाठी वय आधारपत्रावरून ठरते. तेव्हा त्यावरील जन्मतारीख आजच तपासावी.

देणगीदारांनाही यात स्वारस्य असावे. जो खर्च हक्काच्या विम्यातून भागू शकतो, तो धर्मादाय निधीतून भागवावा लागला, तर ज्याला कोणतेच छत्र नाही अशा रुग्णाच्या वाट्याचे तेवढे कमी होते. आपल्या दानाचा प्रत्येक रुपया अशा निराधारापर्यंत पोहोचावा, हीच आमची धडपड आहे.