तिचं नाव न घेता

मित्राच्या एकतर्फी प्रेमावर गाणं करतोय म्हटलं होतं, तर ते झालंय. शेवटी ऐकवतो. आधी, ते करताना काय काय काढून टाकलं ते सांगतो.

मारेगाव तालुक्याचं ठिकाण खरं, पण कोणाची गाडी कोणाच्या दारासमोर उभी होती हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. म्हणून मित्रानं पहिलीच अट घातली, "तिचं नाव टाकू नोको बे. अन् वणीची बसबी नोको, लोकं लगेच वळखतात." आता त्याचं अख्खं प्रेम त्या बसमध्येच झालेलं, तेही मागच्या सीटवरून! तरी बस काढली.

ती दगाबाज आहे, हेही गाण्यात नाही. तिनं त्याला एकट्याला गाठून, नीट शब्दांत नाही म्हटलं होतं. वरातीत डीजेवर वाजणारी कितीतरी दर्दभरी गाणी पोरीलाच आरोपी करतात. नाचायला ठीक आहेत. इथं ते खोटं झालं असतं.

नावाचं एवढं काय, असं वाटेल. जर्मन लेखक गटे यानं १७७४ साली 'वेर्थर' ही कादंबरी लिहिली. त्याचं शार्लोट नावाच्या मुलीवर प्रेम होतं, आणि तिचं लग्न त्याच्याच मित्राशी, केस्टनरशी, ठरलेलं. कादंबरीतही नाव लोटं, म्हणजे शार्लोटच. लोकांनी दोघांना ओळखलं, केस्टनर दुखावला. पुढे मासने या फ्रेंच संगीतकारानं त्यावर ऑपेरा केला, १८९२ मध्ये व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. नायिका तीच, शार्लोट. ११८ वर्षांनीही त्या बाईची सुटका नाही.

आता चाल. मी मारवा घेतला. सूर्यास्ताच्या वेळचा राग. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच. तानपुऱ्याच्या ॲपवर पंचमाची तार निषादावर आणली. आणि मारव्याची खरी गंमत म्हणजे गाणारा षड्ज टाळत राहतो. षड्ज म्हणजे सुरांचं घर. कान घराकडे निघतो, चाल त्याला रिषभ आणि धैवताभोवतीच फिरवत ठेवते. रोज तिच्या गल्लीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या पोरासाठी याहून चांगलं काय मिळणार?

मित्राला पहिला ट्रॅक व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याचा फोन, "हे संपत काऊन नाही बे?" म्हटलं, मुद्दामच. शेवटही अधांतरी ठेवला होता, माझ्या मते तीच त्यातली खरी जागा. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "तुले गाणं भारी करायचं हाय. मले आता मोकळं व्हायचं हाय."

यावर काय बोलणार! दोन दिवस वाद घातला, पण गोष्ट त्याची आहे. शेवटची ओळ षड्जावर येते. एकदाच, आणि तिथं तबलाही थांबवलाय.

हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर तानपुरा ऐकू येणार नाही. लावतो.