दाब, धर, मग सोड: जुन्या गाडीच्या ब्रेकमधली एअर काढताना

आजचा विषय गॅरेजचा आहे, पण मोबाईल खिशात ठेवून नीट ऐका.

आमच्या रांजणगावला गाड्यांचं नवल नाही. महागणपतीला येणाऱ्या गाड्या आहेतच, शिवाय एमआयडीसीत फियाटचा कारखाना. 2009 साली आलेल्या लिनिया आणि पुंटो इथेच बनल्या. आता त्या नव्या मिळत नाहीत, पण सेकंडहँड मिळतात आणि शिफ्टला जाणारी आपल्या वयाची पोरं त्या घेतात. घेताना सगळे एसी बघतात, म्युझिक सिस्टिम बघतात. ब्रेक ऑइल कधी बदललं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

एक सिरिंज पाण्यानं पूर्ण भरा, तोंड बोटानं बंद करा आणि दट्ट्या दाबा. हलत नाही. आत हवेचा बुडबुडा असेल तर मात्र दट्ट्या आत जातो. ब्रेकचंही तसंच. पायाचा जोर चाकापर्यंत ऑइल नेतं. लाइनमध्ये हवा शिरली की तो जोर हवा दाबण्यातच जातो. पेडल स्पंजसारखं लागतं. मिस्त्री म्हणतात, "ब्रेक पंपिंग मागतोय."

दुसरा शत्रू पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषल्यावर ही हमी 155 वर येते. माळशेज घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर तापलेल्या ऑइलची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं.

आता काम. दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, खाली स्टँड. नुसत्या जॅकवर भरवसा नको. बहुतेक गाड्यांत डबीपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. एबीएस असेल तर गाडीच्या पुस्तिकेतला क्रम पाळा. निपलला रिंग पाना लावा, पारदर्शक नळी जोडा, नळीचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा.

मी चाकाशी बसतो, धाकटा भाऊ पेडलवर.

"दाब."

"दाबलं, दादा!"

"धरून ठेव." निपल थोडं सैल करतो, बुडबुडे येतात, निपल बंद करतो. मगच म्हणतो, "सोड."

हा क्रम चुकला आणि निपल उघडं असताना पाय उचलला, तर हवा परत आत. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच करायचं. डबी रिकामी होऊ द्यायची नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. पेडल पार तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचं रबर फाटू शकतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. उघडून पडलेली जुनी बाटली वापरू नका.

शेवटी इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाईल, ते बरोबर आहे. मग दाबून धरा आणि तीस आकडे मोजा. हळूहळू खाली सरकत राहिलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

हे तीस आकडे आजच मोजा. भेटू पुढच्या भागात!