दवाखान्याचा हिशोब कोण देणार?

(फेब्रुवारी 2012 अखेरीस लोणी देवकर, ता. इंदापूर, जि. पुणे येथे सातपुड्यातून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या बैठकीत केलेले भाषण. गावाकडे राहिलेल्या माणसांनाही कळावे म्हणून येथे देत आहोत.)



दिवसभर फडात कोयता चालवून तुम्ही रात्री इथं बसलात. म्हणून लांबण लावत नाही. आपण नेहमी जमिनीबद्दल बोलतो. दावा टाकला का, मोजणी झाली का, पट्टा आला का. आज आम्ही दवाखान्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे आणि काय नवीन काढलं? नवीन नाही. शेवटी तुम्हीच सांगा, हे दोन वेगळे विषय आहेत का.

या हंगामात आपल्या टोळीतली एक बाई बाळंतीण झाली. रात्री कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टरवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं शिपाई होता, डॉक्टर नव्हता. पुढं जा म्हणाला. पुढच्या ठिकाणी सांगितलं, इथं ऑपरेशन होत नाही. शेवटी खाजगीत नेलं. बाई वाचली, मूल वाचलं, पण बिल झालं चौदा हजार. ते मुकादमाकडून घेतलं आणि नवऱ्याच्या उचलीत चढलं. म्हणजे पुढच्या वर्षी परत इथंच यायचं, फिटेपर्यंत. डॉक्टरची खुर्ची रिकामी होती सरकारची, आणि तिचा हप्ता फेडतोय आपण.

आम्ही त्या शिपायाला शिव्या देत नाही. नर्सबाईलाही देत नाही. आपल्याकडं एकेक नर्सबाई दोन-दोन उपकेंद्रं सांभाळते, आणि रागाला मात्र तीच सापडते, कारण ती समोर असते. ज्याने जागा भरली नाही तो समोर कधीच येत नाही. त्याला समोर आणायचं, एवढ्यासाठी आजची बैठक आहे.

आधी हक्क काय आहे ते ऐका. आदिवासी आणि डोंगरी भागात दर 3 हजार लोकांमागे एक उपकेंद्र, 20 हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 80 हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय पाहिजे. सपाटीला हाच आकडा 5 हजार, 30 हजार आणि 1 लाख 20 हजार आहे. हे सरकारचंच माप आहे, आपण काढलेलं नाही. आणि बाळंतपणाचं म्हणाल, तर जून 2011 मध्ये केंद्र सरकारने जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम काढला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, पोट फाडून करावं लागलं तरी फुकट, औषध फुकट, रक्त फुकट, जेवण फुकट, न्यायला-आणायला गाडी फुकट. मग आपले चौदा हजार कसे गेले?

आता पैशाचं. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. तेव्हा सरकारनं कागदावर लिहून दिलं की देशाच्या उत्पन्नातल्या शंभर रुपयांमागे आपण आरोग्यावर 90 पैसे खर्च करतो, ते 2 ते 3 रुपये करू. अभियानाची मुदत 2012. आज 2012 उजाडलं. खर्च अजून सव्वा रुपयाच्या आसपासच घुटमळतोय. मुकादमानं उचल घेऊन टोळी आणली नाही तर कारखाना त्याला सोडतो का? मग सरकारनं दिलेला शब्द आपण का सोडायचा?

थोडा पैसा गावापर्यंत येतोसुद्धा. उपकेंद्राला वर्षाला 10 हजार रुपये बंधनमुक्त निधी असतो. गावच्या आरोग्य समितीला 10 हजार. प्राथमिक आरोग्य केंद्राला बंधनमुक्त 25 हजार, दुरुस्तीला 50 हजार आणि रुग्ण कल्याण समितीला 1 लाख. आपल्या गावात समिती कुणाची आहे, किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा, दोनच हात. पैसा आपल्या नावानं येतो आणि आपल्यालाच पत्ता नाही.

आता यादीचं. आपल्यातल्या एका काकांना हर्निया आहे. गावाकडच्या दवाखान्यात सांगितलं, नाव लिहितो, दिवाळीनंतर या. दिवाळीनंतर टोळी निघते. परत गेले चैत्रात, तर म्हणे तुमचा नंबर गेला, परत नाव लिहा. असे दोन हंगाम झाले. काका लंगोट घट्ट बांधून मोळी उचलतात. कागदावर काका गैरहजर. यादी करणाऱ्याला माहीत नाही का, की आपल्या तालुक्यातली अर्धी माणसं सहा महिने गावात नसतात? आणि ती यादी भिंतीवर का लावत नाहीत? नंबर कितवा, पुढं कोण सरकलं, का सरकलं, हे दिसायला पाहिजे. डॉक्टरनं आजार बघून कुणाला आधी घेतलं तर आपली हरकत नाही. ओळख बघून घेतलं तर आहे.

इकडं लोणी देवकरला उलटं. इथल्या आशाताईच्या वहीत आपल्या कोप्या नाहीत. लसीच्या दिवशी आपली पोरं मोजलेली नसतात. मागच्या वर्षी जनगणना झाली, तीसुद्धा फेब्रुवारीत. तेव्हा आपण फडातच होतो. कोपीत येऊन कुणी नाव लिहिलं का? माणसं मोजूनच डॉक्टर आणि औषधं देतात. इथंही नाही, तिथंही नाही, असं झालं तर आपल्या वाट्याचं औषध येणार कुठून? याच महिन्यात पुणे जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं असतं. पण एकही उमेदवार आपल्या कोप्यांकडं आला नाही. आपलं मत गावाकडं आणि पोट इकडं.

तुम्ही म्हणाल, सरकारपुढं आपलं काय चालणार? एका माणसाची गोष्ट सांगतो. बंगालात हकीम शेख नावाचा शेतमजूर होता, आपल्यासारखाच संघटनेतला. 1992 साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळं फिरवली. कुठं खाट नाही, कुठं सोय नाही. शेवटी खाजगीत गेला, सुमारे 17 हजार खर्च आला. पश्चिम बंग खेत मजूर समिती त्याच्यासाठी सुप्रीम कोर्टात गेली. 1996 साली निकाल लागला. कोर्ट म्हणालं, वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याचा हक्क मोडणं. पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. आणि 25 हजार भरपाई द्यायला लावली. नीट ऐका, हे एकट्या मजुराला जमलं नसतं. संघटना होती म्हणून जमलं.

दुसरी गोष्ट आपल्या राज्यातली. 2007 पासून पाच जिल्ह्यांत लोकांनी दवाखान्यावर देखरेख ठेवायचं काम सुरू झालं: अमरावती, उस्मानाबाद, ठाणे, पुणे आणि आपलं नंदुरबार. गावातली माणसं बसून दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरतात. चांगलं असेल तर हिरवा रंग, मधलं तर पिवळा, वाईट तर लाल. मग जनसुनवाई होते. अधिकारी समोर, लोक समोर, तक्रार तोंडावर आणि उत्तर सगळ्यांच्या देखत. आपण येतो तो जिल्हा त्यात आहे आणि राबतो तो जिल्हाही त्यात आहे. मग दोन्हीकडं आपणच का नाही?

करायचं काय, तर चार कामं.

एक. ज्याला दवाखान्यातून परत पाठवलं त्यानं तारीख, वेळ, कोण भेटलं, किती खर्च झाला हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं. लिहिता येत नसेल तर आमच्याकडं या. बिल फेकायचं नाही.

दोन. माहितीचा अर्ज टाकायचा. दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. तीन प्रश्न पुरेत: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या कधीपासून? निधी किती आला, कशावर गेला? ऑपरेशनची यादी कशी लावता? तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. जिवाचा प्रश्न असेल तर 48 तासांत.

तीन. टोळी निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, गावात ग्रामसभा घ्यायची. पेसा कायदा 1996 चा आहे. समाजाच्या कामाच्या संस्थांवर आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ग्रामसभेकडं असावं असं त्यात लिहिलंय. राज्याचे नियम अजून झालेले नाहीत, पण ठराव करायला कुणी अडवलेलं नाही. गरोदर बाया आणि ऑपरेशनवाले यांची यादी ग्रामसभेत करायची. एक प्रत तिकडच्या दवाखान्याला, एक इकडच्या.

चार. आता जमिनीचं. साहेब म्हणतो, जंगलाची जमीन आहे, उपकेंद्र बांधता येत नाही. खोटं आहे. ज्या वनहक्क कायद्यात आपण दावे टाकतो त्यातच कलम 3 चं पोटकलम 2 आहे. दवाखाना, शाळा, अंगणवाडीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे किल्ली आपल्या हातात आहे. पाड्यावरून झोळीत घालून आजारी माणूस उतरवताना वाटेतच गेलेली माणसं तुमच्या-आमच्या घरातली आहेत. त्या वाटेवर दवाखाना उभा राहू शकतो, आणि त्याला जमीन द्यायचा ठराव आपण करू शकतो.

म्हणून म्हणालो, दोन वेगळे विषय नाहीत. जमीन नाही म्हणून आपण कोयता घेतो. दवाखाना नाही म्हणून उचल वाढते. उचल वाढली की परत कोयता. हा फेरा दोन्हीकडून तोडावा लागेल.

उद्या पहाटे गाडी भरायची आहे, जास्त बोलत नाही. पण उठायच्या आधी त्या चौदा हजारांचं बिल घेऊन पहिला अर्ज आज इथंच लिहू. कंदील जरा पुढं आणा. कोण कोण अंगठा देणार?

जिंदाबाद.