ऑपरेशननंतरचे सहा आठवडे आणि आपला गट

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आरोग्याच्या सत्रात क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत एका ताईंनी मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही बचतीचं सांगता, परतफेडीचं सांगता. पण दवाखान्यातून घरी आल्यावर बाईनं कसं राहायचं, ते कोण सांगणार?" म्हणून आज तेच बोलते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. समाजकार्य शिकलेली, तुमच्या लेकीच्या वयाची पोरगी आहे. पण ही गोष्ट माझ्या घरात घडलेली आहे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्या आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, अंगात रक्त उरलं नव्हतं. पोटावर चिरा देऊन ऑपरेशन केलं. घरी सोडताना सांगितलं, "आराम करा, जड उचलू नका." आराम म्हणजे किती दिवस, जड म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आठव्या दिवशी टाके निघाले. आई म्हणाली, "टाके निघाले, म्हणजे मी बरी झाले." अकराव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. अण्णा रानात गेले होते. मी ओट्यावर बसून कॉलेजचा अहवाल लिहीत होते. आईनं आतून विचारलं, "भरू का गं?" मी मान वर न करता म्हटलं, "थांब, आलेच." आमच्याकडे पाणी अर्धा तासच असतं. ती थांबली नाही. तिनं हंडा उचलला आणि त्याच रात्री जखमेतून पाणी यायला लागलं. खालच्या टोकाला जखम उघडली होती. पुढे तीन आठवडे दिवसाआड ड्रेसिंग, रिक्षाचं भाडं, अण्णांचा रोज बुडाला, गटातून आठ हजारांचं कर्ज काढलं. एक हंडा पाणी आम्हाला एवढ्याला पडलं.

समाजकार्य शिकत होते मी, आणि घरातल्या बाईकडे माझं लक्ष नव्हतं.

आता नीट ऐका. टाके निघाले म्हणजे जखम भरली असं नाही. घरकुलाचा स्लॅब टाकतो तेव्हा दुसऱ्या दिवशी वरून कडक दिसतो. म्हणून लगेच खालचे टेकू काढतो का आपण? नाही. पाणी मारतो, दिवस मोजतो. पोटाचंही तसंच आहे. वरचं कातडं आठ-दहा दिवसांत मिटतं, पण आतले थर मजबूत व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस भरलेला हंडा, सरपणाचा भारा, गवताचं ओझं, पिठाचा डबा उचलायचा नाही. अंगावरचं लेकरूही उचलायचं नाही. ते मांडीवर आणून द्यायला कुणाला तरी सांगायचं. दुर्बिणीतून किंवा खालून ऑपरेशन झालं असेल तर बरं वाटायला कमी दिवस लागतात, पण वजन कधी उचलायचं हे डॉक्टरांनाच विचारायचं.

आराम म्हणजे दिवसभर पडून राहणंही नाही. नुसतं पडून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्त गोठू शकतं. घरातल्या घरात, अंगणात हळूहळू चालायचं, रोज थोडं वाढवायचं. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं आणि मग हाताचा टेकू घेऊन उठायचं. खोकला, शिंक आली तर पोटावर उशी नाहीतर घडी केलेलं लुगडं धरायचं.

खाण्याचं तर आपल्याकडे अवघडच आहे. भात दिला तर टाके पिकतील, डाळीनं पू होईल, असं म्हणून बाईला आठ-आठ दिवस नुसती पेज देतात. भातानं नाही, डाळीनंही नाही, पू जंतूंमुळे होतो. जखम भरायला तर डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे लागतात. पालेभाजी खायची, पाणी भरपूर प्यायचं, म्हणजे शौचाला जोर करावा लागत नाही. संडास लांब आहे म्हणून पाणी कमी पिऊ नका. जखमेवर हळद, राख, कसलाही पाला लावू नका. साखरेचा आजार असेल तर गोळ्या चुकवू नका.

आणखी एक सांगते. बोलायला मलाही संकोच वाटतो, पण कुणीतरी बोललं पाहिजे. डॉक्टरांनी पुन्हा तपासून हो म्हणेपर्यंत नवरा-बायकोचे संबंध ठेवायचे नाहीत. साधारण सहा आठवडे तरी नाहीच. हे घरी सांगायला बाईला जमत नसेल, तर दवाखान्यातून निघतानाच डॉक्टरांना किंवा सिस्टरला तिच्या नवऱ्यासमोर सांगायला लावा.

थांबायचं कधी नाही, तेही पाठ करा. ताप आला, जखम लाल होऊन पू आला, खालून घाण वासाचा स्राव किंवा फार रक्त गेलं, लघवी अडली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखलं, दम लागला तर लगेच १०८ ला फोन करा. "उद्या बघू" म्हणू नका.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं तुम्ही ऐकलं असेल. तिथं फार मोठ्या संख्येनं बायकांच्या पिशव्या काढल्याचं समोर आलं आणि २०१९ मध्ये सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथं कामाला खाडा झाला की पैसे कापले जातात. तो खाडा नको म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. म्हणून पिशवी काढायला सांगितलं तर घाई करू नका, सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. ऑपरेशन झालंच तर पिशवीबरोबर अंडाशय काढलं की ठेवलं, हे विचारा आणि कागद जपून ठेवा.

पण तायांनो, खरी अडचण माहितीची नाही. माझ्या आईला हंडा जड असतो हे माहीत नव्हतं का? तो दुसरं कोण भरणार, हे ठरलेलं नव्हतं. आपल्या घरात खाडा मांडायला वही नसते, तरी बाईला खाडा परवडत नाही. आणि आराम करणाऱ्या बाईला तीन दिवसांनी "अजून झोपलीच का?" असं विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. हे आपणच थांबवायचं.

दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो. ते वहीत उतरवू या. गटातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं, की आधीच्या बैठकीत चार गोष्टी लिहायच्या. पाणी, भाकरी, जनावरं, लेकरं हे सहा आठवडे कोण बघणार, घरातल्या माणसांची नावं घालून. त्यात नवऱ्याचं आणि मुलाचं नाव आलंच पाहिजे. दुसरं, त्या दोन महिन्यांच्या हप्त्याचं काय करायचं. तिसरं, तिकीट-भाड्याला लागलं तर गटातून किती द्यायचे. चौथं, आठवड्यातून दोनदा तिला भेटायला कोणती ताई जाणार. तिनं नुसतं बसून यायचं नाही, ताप, जखम, जेवण, शौच, झोप या पाच गोष्टी विचारायच्या. आणि रडू आलं तर रडू द्यायचं. ऑपरेशननंतर मन हळवं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझ्या आईची जखम दुसऱ्यांदा भरली ती तिच्या गटातल्या बायकांमुळे. दोघी जणी रोज सकाळी नळावर आमचे हंडे भरून आत आणून ठेवायच्या. चौथ्या दिवशी अण्णांना अवघडल्यासारखं झालं, आणि ते स्वतः कळशी घेऊन नळावर उभे राहिले. आजही पाणी तेच भरतात.

घरी गेल्यावर पुढच्या बैठकीच्या विषयात हे लिहा. कुणाचं ऑपरेशन ठरलेलं नसलं तरी लिहा. ठरल्यावर वेळ मिळत नाही.