आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, ‘आपली ती फियाट’. ‘आपली’ हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं. कारण काही वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत पंपरूमशेजारच्या त्याच गाडीचा उल्लेख ‘भंगार’ असा झाला होता. इतिवृत्तात तो शब्द अजून आहे. असो. आज रागाचा दिवस नाही.

माझी गाडी 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. आपण सगळे तिला फियाट म्हणतो, तेही चूक नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनायच्या. 1964 ला फियाट 1100 डिलाइट आली आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरली म्हणून 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी बातम्या बघताना आमच्या सौ. म्हणाल्या, “आता तुमचीच राहिली.”

मी मूळचा मागावरचा माणूस. कामतघरात जॉबर म्हणून लागलो, पुढे भाड्याने बारा माग घेतले. जॉबरचा कान तयार होतो. चाळीस माग एकदम खडखडत असले तरी एकाचा धोटा नीट जात नसेल तर दारातून कळतं. त्यामुळे सेकंडहँड फियाट घेतली तेव्हा मला वाटलं, आवाजावरून आपण हिलाही ओळखू. इथेच माझी चूक झाली. ती आज सगळ्यांसमोर सांगायची आहे.

आपण इथे राहायला आलो त्याच्या दोनेक वर्षांनंतरची गोष्ट. उन्हाळ्यात गाडीला एक खोड लागली. तासभर चालली, तापली, की बंद पडायची. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. ज्याला विचारावं तो सांगायचा, ‘पेट्रोलची वाफ होते, पंपावर ओलं फडकं ठेवा.’ हा प्रकार खरा आहे. पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनलाच बसवलेला असतो. तो तापला की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. मी फडकं ठेवायचो, गाडी सुरू व्हायची. सिद्ध झालं! तरी खोड जाईना. मग पंप बदलला, कार्ब्युरेटरचं किट घातलं. दोन महिने माझं सगळं लक्ष आणि बराचसा पैसा बॉनेटखाली गेला.

त्याच दोन महिन्यांत ब्रेकचं पेडल जरा खाली जायला लागलं होतं. ब्रेक ऑइलची डबी बघितली तर पातळी उतरलेली. मी ऑइल भरलं. पंधरा दिवसांनी पुन्हा भरलं. तिसऱ्यांदाही भरलं. गाडी थांबत होती, काही वाजत नव्हतं. जॉबरच्या कानाला ऐकू येईल असं त्यात काहीच नव्हतं.

मे महिन्यात आई, सौ. आणि दोन्ही मुलांना घेऊन नाशिक-त्र्यंबकेश्वर करून आलो. जाताना कसारा घाटात गाडी दोनदा बंद पडली. आई मागे बसून जप करत होती. परत येताना घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या का चौथ्या वळणावर पेडल दाबलं, ते सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं, थोडं लागलं, पुन्हा तळाला. पुढे ट्रक. मी तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेलो आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली. रस्त्याकडेला मुरमाचा ढीग होता, त्यात नाक खुपसून ती थांबली. दरीची बाजू दुसरीकडे होती, एवढंच आमचं नशीब.

कोणाला लागलं नाही. धाकटी रडत होती. आई खाली उतरली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, “अरे, बंद पडत होती तेव्हाच बरी होती की रे.”

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण गाडीबद्दल मला जे काही कळलं ते सगळं त्या एका वाक्यात आहे. सुरू न होणारी गाडी माणसाला घरी बसवते. न थांबणारी गाडी काय करते, ते सांगायला नको.

मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने थांबून मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. बोटाला काळपट ओला थर आला. तो म्हणाला, “ये आज का नहीं है, भाईसाब.” चाक खोललं तेव्हा दिसलं, व्हील सिलिंडरचे रबरी वॉशर फाटलेले, लायनर ऑइलने चिंब. माझ्या गाडीला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच लाइन. एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचा दाब जातो. डबीतलं ऑइल उडून जात नाही. लायनर झिजले की पातळी थोडीफार उतरते, पण पंधरा-पंधरा दिवसांनी भरावं लागत असेल तर ते कुठेतरी बाहेर पडतंय. मी तीन वेळा भरलं आणि तीन वेळा रोग झाकला.

(इथे चेअरमन साहेब हसतायत. भिंतीला ओल आली की आपण रंग मारतो, टेरेसवर चढत नाही, हेच त्यांच्या मनात आलं असणार.)

आता बंद पडण्याचं काय झालं ते सांगतो. पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला एकच प्रश्न विचारला, “बंद पडल्या पडल्या करंट बघितला का?” मी कधीच बघितला नव्हता. पेट्रोल इंजिनाला वेळेवर करंट आणि मापात पेट्रोल लागतं. बंद पडलं की यातलं काय नाही, हे त्याच क्षणी बघायचं. थंड झाल्यावर पुरावा जातो. आधी कुठे पेट्रोल गळत नाही याची खात्री करायची. मग कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पक्कडीने धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर ठेवायचं आणि दुसऱ्याने स्टार्टर मारायचा. निळी, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉइल ठीक. पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंट. पॉइंटमधलं अंतर साधारण 0.4 मिलिमीटर लागतं. पेट्रोल बघायचं तर इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढून अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढायची; कार्ब्युरेटरच्या तोंडात बारीक धार दिसली पाहिजे. मुलांनो, हे मोठं माणूस सोबत असल्याशिवाय करायचं नाही.

माझी कॉइल तापली की मरत होती आणि थंड झाली की जिवंत. ओल्या फडक्याने काही केलंच नव्हतं. फडकं ठेवून आम्ही वीस मिनिटं थांबायचो, तेवढ्यात कॉइल थंड व्हायची आणि श्रेय फडक्याला! पंप आणि किटचे पैसे फुकट गेले. तेव्हापासून एका वेळी एकच वस्तू बदलतो आणि बदलण्याआधी तपासतो.

ब्रेकची तपासणी मात्र प्रत्येकाने करावी, नव्या गाडीवाल्यांनीसुद्धा. तुमच्या गाडीत डिस्क असेल, एबीएस असेल, डॅशबोर्डवर लाल दिवा असेल. पण दाब पोचवणारं ते ऑइल तुमच्याही गाडीत आहे. माझ्या गाडीपुरतं सांगतो. उभ्या गाडीत पेडल एकसारखं दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली गेलं तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा वॉशर आतून दाब सोडतोय. स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्यांदा खोल गेलं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं, तर शू झिजलेत किंवा अॅडजस्ट करायला झालेत. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली तर दोन्हीकडची चाकं सारखी काम करत नाहीत. महिन्यातून एकदा टायरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. त्याला पैसा लागत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी वाढलं की ते लवकर उकळतं आणि घाटात नेमका तेव्हाच दगा देतं. म्हणून मी दर दोन वर्षांनी सगळं बदलतो. त्याच्या जागी इंजिन ऑइल कधीही टाकू नका, रबरी वॉशर फुगून निकामी होतात. ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा. बघा, फडकं शेवटी कामाला आलं! आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

26 जुलै 2005 ला भिवंडी पाण्यात होती, आपल्या कंपाउंडमध्येही पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर बऱ्याच जणांनी किल्ली फिरवून बघितली. मी आधी चारही ड्रम खोलले, गाळ काढला, ऑइल बदललं. गाडी दोन आठवडे जागेवर उभी होती. शेजारी विचारायचे, “सुरू नाही होत का?” मी म्हणायचो, “सुरू होईल हो, आधी थांबू दे.”

गेली काही वर्षं ऑइल बदलताना सोसायटीतलीच मुलं पेडलवर बसतात. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. मी खालून ओरडतो, “दाब! धरून ठेव!” निपल उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद करतो, मग ओरडतो, “सोड!” माझ्या आधी कोणी पाय उचलला तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. आपल्या ‘बी’ विंगमधली एक मुलगी एवढी पक्की आहे की गेल्या वेळी तिने मलाच दटावलं, “काका, आधी निपल बंद करा, मग मी सोडते.” तिथे मला वाटलं, आता काळजी नाही.

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ते मी करत आलोय. पुढे किती वर्षं जमेल, माझं आणि तिचंही, ते देवाला ठाऊक. तोवर ती सणासुदीला वऱ्हाळा तलावापर्यंत जाईल आणि परत येईल. सभासदांनी तिला ती जागा ठेवू दिली, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे.

येत्या रविवारी सकाळी आठला पंपरूमजवळ चाकं खोलणार आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी जुने कपडे घालून या. चहा आमच्याकडे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.