सर्वांगाचे दुखणे आणि तज्ज्ञांचा सल्ला



सर्वांग ठणकते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेले असते, कामात चित्त लागत नाही. आणि रक्ताच्या तपासण्या व क्ष-किरण चित्रे मात्र निर्दोष येतात. अशा रुग्णास, आणि बहुधा ती स्त्री असते, घरातील माणसे 'मनाचे खेळ' म्हणतात, कचेरीत कामचुकार ठरवितात. या व्याधीस फायब्रोमायाल्जिया असे नाव आहे. नाव अपरिचित असले तरी व्याधी नवी नव्हे. इंग्लंडमधील सर विल्यम गॉवर्स यांनी १९०४ मध्ये अशा दुखण्यास 'फायब्रोसायटिस' म्हटले होते. तंतुमय भागास दाह होत असावा, ही त्या वेळची समजूत पुढे टिकली नाही. वेदनेचे संदेश वाहणारी व त्यांचा अर्थ लावणारी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते, असे आज मानले जाते. वेदना खरीच असते. ती छायाचित्रात उमटत नाही, इतकेच.

अंगदुखी हा ग्रामीण भागातील किती मोठा प्रश्न आहे, हे पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या घरोघरच्या पाहणीत दिसून आले. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांची सांधे वा स्नायूंविषयी तक्रार होती. त्यांतील बऱ्याच जणांचे दुखणे सांध्यांचे नसून भोवतालच्या मऊ भागांचे होते.

मग जावे कोणाकडे? पुष्कळ रुग्ण थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातात. हाड मोडले नसता तेथे फारसे काही हाती लागत नाही. या व्याधीची खरी पारख संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, करतात. १९९० च्या निकषांनुसार शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ दाबल्यावर दुखावे लागत. २०१० पासून वेदनेची व्याप्ती, थकवा, झोप व स्मरण यांचा एकत्र विचार केला जातो आणि लक्षणे किमान ३ महिने असावी लागतात. निदान होते ते मुख्यतः रुग्णाचे ऐकून घेऊन व त्यास तपासून. रक्ततपासणी असते ती थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, आमवात असे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. सांध्यांवर सूज, तासाहून अधिक टिकणारा सकाळचा ताठरपणा, सततचा ताप, वजनातील घट वा हातापायांतील अशक्तपणा असल्यास विलंब मुळीच करू नये.

असे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत, ही अडचण खरी आहे. तेव्हा पहिले पाऊल प्राथमिक आरोग्य केंद्राचेच असावे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात जावे. ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेद्वारेही विशेषज्ञांचा सल्ला मिळू शकतो. जाताना जुने केसपेपर, तपासण्या आणि चालू औषधे बरोबर न्यावीत. पुडीत बांधून मिळालेल्या बिननावाच्या गोळ्या तर अवश्य दाखवाव्यात; त्यांत स्टिरॉइड असण्याची शंका नेहमीच असते, आणि या व्याधीत स्टिरॉइडचा उपयोग होत नाही.

तज्ज्ञांकडे एकदा गेल्याने दुखणे नाहीसे होईल, ही अपेक्षा मात्र चुकीची ठरते. युरोपीय संधिवात संघटनेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत व्यायाम हा एकच उपाय निःसंदिग्धपणे पुरस्कारिलेला आहे. आरंभी पाच-दहा मिनिटे चालणे पुरे. उत्साहाच्या दिवशी शेताचे सारे काम उरकणारी स्त्री पुढचे चार दिवस अंथरुणास खिळते. म्हणून चढती मात्रा सावकाश हवी. रात्री झोप यावी म्हणून अमिट्रिप्टिलिन अल्प मात्रेत देतात. ड्युलॉक्सेटिन व प्रिगॅबॅलिन हीही काही रुग्णांना गुणकारी ठरतात. 'हे तर मनोविकाराचे औषध' असे म्हणून गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. औषधाचे कारण डॉक्टरांनी समजावून सांगितल्यास हे बरेच टळते.

उरते ते भोवतालच्या लोकांचे काम. मुख्याध्यापकांनी अशा शिक्षिकेस सलग चार तास उभे राहून शिकविण्यास लावू नये. मधला एक तास मोकळा ठेवल्यास वेळापत्रक कोसळत नाही. कार्यालयप्रमुखांनी रजेच्या अर्जावर 'तपासण्या निर्दोष' एवढाच शेरा पाहून निर्णय घेऊ नये, तज्ज्ञांचे मत मागवावे. आणि पंचायत सदस्यांनी, आशा सेविकेच्या साहाय्याने, गावात वर्षानुवर्षे अंगदुखीच्या इंजेक्शनांवर दिवस काढणाऱ्या स्त्रियांना आरोग्य केंद्रापर्यंत एकदा तरी पोचवावे.