मंगळवारची मीटिंग

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



चेअरमनसाहेबांनी मला 'सामाजिक कार्यातील माझे अनुभव' हा विषय दिला आहे आणि पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढली असल्यामुळे वेळेची काळजी करू नका. विषयाची मात्र खात्री देत नाही. कारण मी रोटरी क्लबमध्ये शिरलो तो समाजकार्य करायला नव्हे, जेवायला. हे आधीच कबूल केलेलं बरं.

१९९२ साली माझी बदली सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. शाखाधिकारी म्हणून. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब पुण्यातच राहिलं. खानावळीचं जेवण आणि संध्याकाळी खोलीवर एकटा. गावात ओळख म्हणजे कर्जदारांची, आणि ती ओळख कशी असते हे इथे बसलेल्या बँकवाल्यांना सांगायला नको. शाखेचे एक खातेदार डॉक्टर होते, हाडांचे. ते म्हणाले, "साहेब, मंगळवारी साडेसातला या. एक तासाचा कार्यक्रम, मग जेवण." मी गेलो. जेवण चांगलं होतं, पुढच्या मंगळवारीही गेलो. हिला फोनवर सांगितलं तर ही म्हणाली, "समाजसेवा पोटातून सुरू झालेली दिसते."

आता हा एक तास कसा असतो ते थोडक्यात सांगतो. अध्यक्ष घंटा वाजवतात. राष्ट्रगीत होतं. वाढदिवस असतील त्यांचं अभिनंदन. मग सेक्रेटरी मागच्या आठवड्यात काय ठरलं ते वाचतात आणि ज्याने जे अंगावर घेतलं असेल त्याने उभं राहून सांगायचं, झालं की नाही. त्यानंतर पाहुण्यांचं भाषण, आभार, पुन्हा घंटा. सार्जंट म्हणून एक पद असतं, त्याचं काम उशिरा येणाऱ्याला दंड करायचा. पाच रुपये, दहा रुपये. मी बँकेत लोकांकडून दंडव्याज वसूल करत होतो आणि मंगळवारी स्वतः दंड भरत होतो.

हजेरीचा नियम कडक होता. सलग चार मीटिंगा चुकल्या तर सभासदत्व जाऊ शकायचं. पण परगावी गेलात तर तिथल्या कुठल्याही रोटरी क्लबात जाऊन बसायचं, ती हजेरी इकडे धरली जायची. मी ऑडिटला निघालो की बॅगेत टूथब्रशबरोबर त्या गावच्या क्लबचा वार आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी असायची. हल्ली नियम सैल केले आहेत. २०१६पासून क्लबांना महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. माझ्यासारख्या जुन्या माणसाला ते फारसं रुचलेलं नाही, पण असो.

ही साप्ताहिक भेटीची पद्धत जुनी आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा एक वकील तीन मित्रांना भेटला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी. मोठ्या शहरात ओळखदेख नाही, गावाकडे असते तशी माणसं आसपास असावीत, एवढीच सुरुवातीची कल्पना. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचे, त्या फिरण्यावरून रोटरी हे नाव पडलं. म्हणजे मूळ दुखणं माझ्यासारखंच, एकटेपणाचं. लोकांसाठी काही करायचं हे नंतर सुचलं, आणि पहिल्या कामांपैकी एक कोणतं होतं माहीत आहे? शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून केलेला पाठपुरावा. (आपल्या वॉचमनच्या खोलीमागच्या संडासाचा विषय मी आज काढणार नाही.)

बायकांना मात्र १९८९पर्यंत सभासद करून घेत नसत. हे काही भूषणावह नाही.

त्यांची एक प्रथा मला फार शहाणपणाची वाटते. एका धंद्याची माणसं भाराभर घ्यायची नाहीत. एक वकील, एक डॉक्टर, एक बुटांचा दुकानदार, एक लेथवाला, एक बँकवाला. आमच्या क्लबात आइस्क्रीमची फॅक्टरी असलेले एक शेठसुद्धा होते. त्याचा उपयोग काय, ते पुढे येईल.

दुसऱ्या वर्षी मला अध्यक्ष केलं. बँकेचा साहेब म्हणून केलं असावं. मी ठरवलं, काहीतरी डोळ्यांत भरेल असं करायचं. पोलिओने पाय गेलेल्या मुलांसाठी शिबिर घेतलं. तालुक्यातून मुलं आली. कोणी बापाच्या खांद्यावर, कोणी हातांवर सरपटत. डॉक्टरांनी तपासलं, मापं घेतली, दीड महिन्याने एकतीस मुलांना कॅलिपर दिले. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी बिजागरी आणि खाली बूट. मुलं उभी राहिली. आयांनी डोळ्यांना पदर लावले. बॅनर होता, फोटो झाले, सोलापूरच्या पेपरात बातमी आली. ते कात्रण मी हिला पोस्टाने पाठवलं.

साधारण सव्वा वर्षाने एक शेतकरी पीककर्जासाठी शाखेत आला. कडेवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा. चेहरा ओळखीचा वाटला. मी विचारलं, "याला आपण कॅलिपर दिला होता ना?"

तो म्हणाला, "हो साहेब, दिला होता. खुंटीला हाय."

"खुंटीला का?"

"पोरगं वाढलं, साहेब. लोखंड कुठं वाढतंय?"

आवाजात तक्रार नव्हती. उलट मला वाईट वाटू नये म्हणून तो हसला. मुलाची नडगी वाढली होती, त्यामुळे कॅलिपरची बिजागरी गुडघ्याच्या खाली येत होती आणि पट्टा मांडीत रुतत होता. जखम झाली, मग काढून ठेवला. एक वर्षही चालला नव्हता.

मी त्या माणसाच्या अर्जावर सही केली आणि केबिनचं दार लावून बसलो. वाढत्या मुलाचं माप बदलतं हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. मला तीन मुलं आहेत, दर जूनमध्ये त्यांचे शाळेचे बूट घेतले होते. शिबिर माझं, कल्पना माझी, घाईही माझी. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "सहा महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल." मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं आणि विसरलो.

पुढच्या मंगळवारी मी उभा राहिलो आणि हे सांगितलं. तोवर मी अध्यक्ष नव्हतो. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग लेथवाले म्हणाले, "पट्टी दोन तुकड्यांत करू, वरखाली भोकं पाडून ठेवू. पोरगं वाढलं की स्क्रू काढून पट्टी सरकवायची." बुटांचे दुकानदार म्हणाले, "बूट मी बघतो. पण कोणाचा कधी बदलायचा हे मला कोणीतरी सांगितलं पाहिजे."

ते 'कोणीतरी' म्हणजे मी. बँकेत ड्यू डेट डायरी असते, कोणतं बिल, कोणता हप्ता कधी येणार ते तारखेवार लिहिलेलं. तसंच एक रजिस्टर केलं. एकतीस नावं, गाव, वय, पायाचं माप, पुढची तारीख. दर मंगळवारी मी त्या आठवड्यातली नावं वाचायचो. कोण जाणार? कोणीतरी हात वर करायचं. पुढच्या मंगळवारी त्याला उभं राहून सांगावं लागायचं, जाऊन आलो की नाही. नाही गेलो म्हणायची लाज वाटते हो. नेहमीच्या चाळीस माणसांसमोर, ज्यांच्याबरोबर लगेच जेवायचं आहे, त्यांच्यासमोर जास्तच वाटते. आमचं काम टिकलं ते या लाजेवर. आमच्या मोठ्या मनावर टिकलं असं मी म्हणणार नाही.

एकतीसपैकी सहा मुलं सापडलीच नाहीत. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, पुढे पत्ता लागला नाही. ती सहा नावं रजिस्टरमध्ये शेवटपर्यंत राहिली.

रोटरीने १९८५ साली जगभर पोलिओविरुद्ध मोहीम उघडली होती. डिसेंबर १९९५मध्ये आपल्या देशात पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. लस थंड ठेवावी लागते, आणि एका दिवसात तालुकाभर एवढा बर्फ आणायचा कुठून? तेव्हा आइस्क्रीमवाले शेठ कामाला आले. रात्रभर फॅक्टरी चालवली. आम्ही स्कूटरवरून बर्फ पोचवला. मी ज्या बूथवर होतो तिथे तो शेतकरी धाकट्या मुलीला घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. डोस पाजून झाल्यावर तो घरी गेला नाही. वस्तीवर ज्या बायका यायला तयार नव्हत्या त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. काय सांगितलंस, मी विचारलं. म्हणाला, "काय सांगायचंय? माझ्या पोराला वळखत्यात."

१९९७ला माझी पुन्हा बदली झाली. रजिस्टर बुटांच्या दुकानदारांकडे दिलं. पुढे इथे फ्लॅट घेतला, इथल्या क्लबात गेलो, दृष्टी तपासणी, रक्तदान, झाडं असं बरंच केलं. त्याबद्दल बोलण्यासारखं फार नाही.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावड्याला सापडला. २७ मार्च २०१४ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या आठवड्यात बुटांच्या दुकानदारांचा फोन आला. ऐंशीच्या पुढे वय. म्हणाले, "साहेब, रजिस्टर बंद करू का?" मी बँकेच्या सवयीने विचारलं, "खाती चालू किती?" ते म्हणाले, "जुनी चार आहेत. स्वतःच्या पायांनी दुकानात येतात, बूट बदलून नेतात. नवीन नाव कित्येक वर्षांत लिहिलं नाही. अर्ध्याहून जास्त पानं कोरीच आहेत."

मी म्हटलं, चार आहेत तोवर बंद करू नका.

मंडळी, माझी पंधरा मिनिटं होत आली. आता सोसायटीचं एक सांगतो आणि बसतो. आपली वार्षिक सभा दरवर्षी कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, कोरमशिवाय भरते. याची आपल्याला सवय झाली आहे. पाच वर्षांपूर्वी आपण चांगली गोष्ट केली होती. घरात एकटे-दुकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी केली, रक्तगट आणि तातडीच्या वेळी फोन कोणाला करायचा ते लिहून, लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावली. ती अजून तिथेच आहे. जाता-येता रोज दिसते. तिसऱ्या ओळीत माझं नाव आहे आणि पुढे तातडीचा नंबर म्हणून हिचा मोबाइल. ही जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील.

कोणाला दोष देत नाही. मीही तो बदलायला सांगितलेला नाही. पण खाली उतरताना त्या यादीतली दुसरी नावंही वाचतो. निदान चार नंबर आता लागणार नाहीत असं मला वाटतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या ऑफिसात अर्धा तास. अजेंडा नाही, कोरमची अट नाही. पहिल्या रविवारी ती यादी खाली काढू आणि कोणत्या घरी कोण जाऊन विचारून येणार ते लिहू. पुढच्या महिन्यात ज्याने-त्याने सांगायचं. घंटा माझ्याकडे आहे, जुन्या क्लबने निरोपाला दिलेली. चहा माझ्याकडून. उशिरा येणाऱ्याला दहा रुपये.